शून्याची किंमत : मुष्टियुद्धातील जगज्जेत्यांच्या नोंदी कशा वाचाव्यात?

१/
रॉकी मार्सियानो : ४९ लढती, पराभव शून्य. फ्लॉइड मेवेदर : ५० लढती, पराभव शून्य. मुहम्मद अली : ६१ लढती, ५ पराभव. शुगर रे रॉबिन्सन : सुमारे २०० लढती, १९ पराभव. केवळ हे आकडे पाहून क्रम लावला, तर रॉबिन्सन तळाशी जाईल. प्रत्यक्षात मुष्टियुद्धाचे अनेक अभ्यासक सर्वकालीन यादीत त्यालाच सर्वांत वर ठेवतात. ही विसंगती कुठून येते, हे या धाग्यात पाहू.

२/
क्रिकेटच्या सरासरीवर वाढलेल्या आपण सर्वांनी प्रथम एक फरक ध्यानात घ्यावा. फलंदाजाला गोलंदाज निवडता येत नाही. दौरे मंडळे आखतात आणि समोर येईल त्याला तोंड द्यावे लागते. व्यावसायिक मुष्टियुद्धात मात्र कोणाशी, कधी, किती वजनावर आणि किती मोबदल्यात लढायचे, हे बहुतांशी करारांतून ठरते. त्यामुळे इथली नोंद हा कामगिरीइतकाच निवडीचाही इतिहास असतो.

३/
पहिला प्रश्न : समोर कोण होते, आणि कोणत्या वयात? मार्सियानोने २६ ऑक्टोबर १९५१ रोजी जो लुईला आठव्या फेरीत गारद केले, तेव्हा लुई ३७ वर्षांचा होता. २३ सप्टेंबर १९५२ रोजी ज्याच्याकडून त्याने हेवीवेटचे अजिंक्यपद हिरावून घेतले, तो जर्सी जो वॉलकॉट ३८ वर्षांचा होता. नावे थोर होती. पण त्यांचा बहराचा काळ मागे पडला होता.

४/
परंतु याच वॉलकॉटबरोबरच्या लढतीला दुसरीही बाजू आहे. पहिल्याच फेरीत मार्सियानो खाली कोसळला. कारकिर्दीत असे प्रथमच घडले. बारा फेऱ्या संपल्या तेव्हा तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकांवर तो मागे होता. तेराव्या फेरीत त्याच्या उजव्या हाताचा एकच ठोसा वॉलकॉटच्या जबड्यावर बसला आणि लढत संपली. धैर्य आणि चिकाटी यांविषयी इतके बोलणारी दुसरी लढत क्वचितच सापडेल.

५/
इथेच दुसरा प्रश्न येतो : नियम कोणते होते? त्या काळी अजिंक्यपदाची लढत १५ फेऱ्यांची असे. नोव्हेंबर १९८२ मध्ये रे मॅन्सिनीविरुद्धच्या लढतीनंतर दक्षिण कोरियाचा किम डुक-कू मृत्युमुखी पडला. त्यानंतर आधी एका आणि पुढे इतर संघटनांनीही ही मर्यादा १२ फेऱ्यांवर आणली. आजच्या नियमाने वॉलकॉटची ती लढत तेराव्या फेरीपर्यंत पोहोचलीच नसती. मार्सियानोने आपला डाव वेगळ्या रीतीने आखला असता, हे खरे. पण त्याच्या नोंदीतले शून्य ज्या ठोशावर उभे आहे, त्याला आज जागाच उरलेली नाही.

६/
तिसरा प्रश्न : निकाल कोणी दिला? मेक्सिकोचा हुलिओ सेसार चावेझ ८७ लढती जिंकून, एकही न हरता, १० सप्टेंबर १९९३ रोजी सॅन अँटोनिओ येथे पर्नेल व्हिटेकरसमोर उभा राहिला. एका पंचाने व्हिटेकरला विजयी ठरवले, दोघांनी समसमान गुण दिले आणि लढत अनिर्णित राहिली. वार्तांकन करणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मते व्हिटेकर स्पष्टपणे जिंकला होता. चावेझचे शून्य त्या रात्री मुठींनी नव्हे, कागदाने राखले. जेमतेम साडेचार महिन्यांनी फ्रँकी रँडलने ते संपवले.

७/
आता मेवेदर. त्याच्या बचावकौशल्याविषयी दुमत नाही, आणि त्याने हरवलेल्यांच्या यादीत ऑस्कर डी ला होया, मिगेल कोट्टो, कनेलो अल्वारेझ अशी नावे आहेत. तथापि २०१३ मध्ये कनेलो अवघा २३ वर्षांचा होता. मॅनी पॅकियाओशी लढत व्हावी म्हणून जग कित्येक वर्षे वाट पाहत होते. ती २ मे २०१५ रोजी झाली, तेव्हा मेवेदर ३८ वर्षांचा आणि पॅकियाओ ३६ वर्षांचा होता.

८/
मार्सियानोच्या ४९ विजयांना मागे टाकणारा पन्नासावा विजय मेवेदरने २६ ऑगस्ट २०१७ रोजी कॉनर मॅकग्रेगरवर मिळवला. मॅकग्रेगर हा मिश्र मार्शल आर्ट्समधील विजेता. व्यावसायिक मुष्टियुद्धातील ती त्याची पहिलीच लढत होती. नोंदवहीत मात्र तो ‘एक’ आणि डी ला होयावरचा ‘एक’ सारखेच दिसतात. बेरजेला प्रतिस्पर्ध्याचे वजन कळत नाही.

९/
याच्या उलट टोकाला रॉबिन्सन. सलग ४० विजयांनंतर ५ फेब्रुवारी १९४३ रोजी जेक लामोटाने त्याला प्रथम हरवले; त्या रात्री लामोटा त्याच्यापेक्षा सुमारे १६ पौंडांनी जड होता. रॉबिन्सनने काय केले? तीन आठवड्यांतच तो पुन्हा लामोटासमोर उभा राहिला आणि जिंकला. दोघांच्या एकूण सहा लढतींपैकी पाच रॉबिन्सनच्या नावावर आहेत. पहिल्या पराभवानंतर आठ वर्षे, सुमारे ९० लढती, त्याला कोणी हरवू शकले नाही.

१०/
जुलै १९५१ मध्ये लंडनला रँडी टर्पिनने त्याच्याकडून मिडलवेटचे अजिंक्यपद घेतले. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला रॉबिन्सनने ते परत मिळवले. तो ४४ व्या वर्षापर्यंत, म्हणजे १९६५ पर्यंत लढत राहिला आणि त्याच्या १९ पराभवांतले बरेचसे या उतरत्या काळातले आहेत. ऐन बहरातल्या रॉबिन्सनला आणि चाळिशी उलटलेल्या रॉबिन्सनला एकाच रकान्यात बसवणे हा आकड्यांचा न्याय झाला, इतिहासाचा नव्हे.

११/
अलीचे पाच पराभवही असेच उलगडून पाहावेत. जो फ्रेझर, केन नॉर्टन आणि लिऑन स्पिंक्स या तिघांनी त्याला हरवले. तिघांनाही त्याने पुढे हरवले. उरलेले दोन पराभव वयाच्या ३८ व्या आणि ३९ व्या वर्षी झाले. शिवाय सैन्यभरतीस नकार दिल्यामुळे १९६७ ते १९७० अशी साडेतीन वर्षे, पंचविशीतली, त्याला रिंगणाबाहेर काढावी लागली. न झालेल्या लढतींसाठी नोंदवहीत रकानाच नसतो.

१२/
फ्रेझरची नोंद तर या विषयाचा उत्तम धडा आहे : ३२ विजय, ४ पराभव, १ अनिर्णित. पण ते चारही पराभव दोनच माणसांकडून आले. दोन अलीकडून आणि दोन जॉर्ज फोरमनकडून. हे दोघे ज्या काळात नसते, त्या काळात फ्रेझर कदाचित अपराजित राहिला असता. मग त्याला अधिक श्रेष्ठ म्हणायचे का? त्याची थोरवी तर त्या दोघांसमोर उभे राहण्यातच आहे.

१३/
शेवटचा प्रश्न सर्वांत कठोर : थांबला कधी? मार्सियानो १९५६ मध्ये, ३२ व्या वर्षी निवृत्त झाला आणि परतला नाही. ही त्याची सर्वांत मोठी आणि सर्वांत दुर्लक्षित जीत. लुईने ११ वर्षांहून अधिक काळ अजिंक्यपद राखले, २५ वेळा त्याचा यशस्वी बचाव केला आणि १९४९ मध्ये निवृत्ती घेतली, तेव्हा त्याच्या नावावर एकच पराभव होता, मॅक्स श्मेलिंगकडून १९३६ मध्ये झालेला. त्याची परतफेडही त्याने १९३८ मध्ये पहिल्याच फेरीत केली होती. पुढे थकलेल्या कराचे ओझे त्याला पुन्हा रिंगणात घेऊन आले आणि उरलेले दोन पराभव तिथे त्याची वाट पाहत होते.

१४/
अलीला २ ऑक्टोबर १९८० रोजी लॅरी होम्सने हरवले. एके काळी अलीच्या सरावात त्याच्यासमोर उभा राहणारा हा होम्स. दहा फेऱ्यांनंतर अलीच्या प्रशिक्षकाने लढत थांबवली. नोंदीत तिथे फक्त ‘एक पराभव’ आहे. त्या दहा फेऱ्यांत अलीच्या शरीराने काय सोसले, ते त्या आकड्यात मावत नाही. आणि होम्स? सलग ४८ विजयांनंतर, २१ सप्टेंबर १९८५ रोजी, मार्सियानोच्या शेवटच्या लढतीला बरोबर ३० वर्षे होत असताना, तो मायकेल स्पिंक्सकडून हरला. एका विजयाने बरोबरी हुकली, आणि सात वर्षे हेवीवेटवर राज्य करणारा हा विजेता आज अनेकांना त्या हुकलेल्या आकड्यामुळेच आठवतो.

१५/
म्हणून पुढच्या वेळी दोन जगज्जेत्यांच्या नोंदी शेजारी ठेवाल, तेव्हा आधी पराभवांचा रकाना उघडा. कोणाकडून हरला? कोणत्या वयात? नियम कोणते होते, निकाल कोणी दिला? आणि हरल्यानंतर त्याच माणसासमोर पुन्हा उभा राहिला का? शून्य पराभव ही दुर्मीळ गोष्ट आहे, यात शंका नाही. पण रॉबिन्सनच्या १९ पराभवांपैकी पहिला आणि त्यानंतरचे ते तीन आठवडे, एवढे जरी नीट वाचले, तरी विजेता कशाला म्हणतात हे कित्येक निष्कलंक नोंदींपेक्षा अधिक स्पष्ट कळते.