गुन्हेगाराचे बालपण न्यायाच्या तराजूत घालावे का?

१/ ४ एप्रिल १९७७. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात गस्तीवरील पोलीस अधिकाऱ्याने महामार्गावर एक मोटार थांबवली. आत मिसूरीतून घर सोडून पळालेली मुले होती. त्यांतील सोळा वर्षांच्या मॉन्टी ली एडिंग्जने खिडकीतून बंदूक रोखली आणि अधिकाऱ्याचा जीव घेतला.

२/ खून कोणी केला, याविषयी वाद नव्हता. वाद होता शिक्षेचा. एडिंग्ज पाच वर्षांचा असताना आईवडील विभक्त झाले. चौदाव्या वर्षापर्यंत तो मद्याच्या आहारी गेलेल्या आईकडे, कोणाच्याही देखरेखीविना वाढला. नंतर वडिलांकडे गेला, तर तेथे बेदम मार वाट्याला आला.

३/ न्यायाधीशांनी त्याचे कोवळे वय विचारात घेतले. परंतु हिंसेने होरपळलेले बालपण विचारात घेण्यास कायदा मुभा देत नाही, असे मानून मृत्युदंड ठोठावला. राज्याच्या अपील न्यायालयाने तो कायम केला. बरेवाईट त्याला कळत होते, एवढे त्या न्यायालयाला पुरेसे वाटले.

४/ १९ जानेवारी १९८२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी हा मृत्युदंड रद्द करून प्रकरण परत पाठवले. न्या. लुईस पॉवेल यांच्या निकालाचा गाभा असा: अशा पुराव्याला किती वजन द्यायचे, हे न्यायाधीशाने ठरवावे, मात्र तो विचारातच घेणार नाही, असे त्याला म्हणता येणार नाही.

५/ आक्षेप आजही तोच आहे. मार खाल्लेली असंख्य मुले कोणाचाही जीव घेत नाहीत. मग मृताच्या कुटुंबाने खुन्याचे बालपण का ऐकावे? या आक्षेपात तथ्य आहे. परंतु बालपणाने दोष पुसला जात नाही. दोष सिद्ध झाल्यावर तो किती, एवढ्यापुरताच हा प्रश्न उरतो.

६/ शिवाय हा पुरावा दुधारी आहे. १९८९ च्या पेन्री खटल्यात हे उघड झाले. टेक्सासच्या ज्यूरीपुढे एक प्रश्न असा होता: हा माणूस पुढेही धोकादायक ठरेल काय? छळाने घडलेल्या माणसाविरुद्ध त्याचा छळच साक्ष देऊ लागला. दोष कमी मानण्याची वाट त्या प्रश्नांत नव्हती; म्हणून तोही मृत्युदंड टिकला नाही.

७/ भारतात १९८० च्या बच्चन सिंग निकालाने गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही पाहण्यास सांगितले. तरीही त्याची माहिती न्यायालयापुढे क्वचितच पुरेशी येई. २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती सत्र न्यायालयातच गोळा करण्याचे निर्देश दिले. त्या यादीत लहानपणी सोसलेली हिंसा आणि उपेक्षाही आहे.

८/ बालपण ऐकून शिक्षा घटेलच, असे कोणत्याही निकालाने म्हटलेले नाही. मात्र ज्याचा जीव घ्यायचा, त्याचे आयुष्य न पाहता शिक्षा देऊ नये, येथवर कायदा पोहोचला आहे.