आधी वाट मोकळी, मग घोडा



मागच्या भागात आपण किल्ल्यांबद्दल बोललो. जाड भिंती, खंदक, धान्याची कोठारं. आज बरोबर उलट टोकाचा विषय घेतो. ज्याच्याकडे भिंत नाही, चिलखत नाही, तोफ नाही, फक्त वेग आहे, असा लढवय्या. तो कधी जिंकतो आणि कधी हकनाक मरतो?

हा विषय मला सुचवला माझ्या नातवाने. सुट्टीत तो आमच्याकडे म्हैसूरला आला होता. दिवसभर पोकेमॉनच्या लढाया चालू. मी शेजारी बसून बघत होतो. दोन्ही बाजूंना सहा-सहा प्राणी, एकेक मैदानात उतरवायचा, एकेक चाल खेळायची. ज्याचा वेग जास्त त्याची चाल आधी. त्याच्याकडे फेरोमोसा नावाचा एक प्राणी होता. वेग १५१, हल्ल्याची ताकद १३७ आणि बचाव फक्त ३७. मी म्हटलं, "अरे, हा एवढा तगडा आहे तर यालाच आधी पाठव की." तो म्हणाला, "आजोबा, हा स्वीपर आहे. आधी पाठवला तर एका फटक्यात जाईल."

स्वीपर म्हणजे इथे समोरची अख्खी फळी झाडून काढणारा. पण झाडायला येण्याआधी दुसऱ्या कुणीतरी जमीन साफ केलेली हवी. नातवाने मला नियम समजावले ते असे. एक, समोरचे दणकट गडी आधी आपल्या दणकट गड्यांनी झिजवायचे. दोन, मैदानात टोकदार दगड पसरलेले असतील तर ते आधी काढायचे, नाहीतर हा नाजूक गडी पाऊल टाकताच जखमी होतो. आपल्याकडे गडाच्या वाटेवर गोखरू पसरत, तसाच प्रकार. तीन, त्याला अशा क्षणी आणायचं की येताना फटका बसणार नाही. आणि चार, ज्या चाली वेग न बघता आधी लागतात, त्या कुणाकडे आहेत याचा हिशोब ठेवायचा. शिवाय 'ट्रिक रूम' नावाची एक चाल आहे. ती लागली की पाच फेऱ्यांपुरता नियम उलटा होतो, जो सगळ्यात मंद त्याची चाल आधी. तेव्हा स्वीपरने मैदानात थांबायचंच नाही.

मी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, बाळा, हे तर मराठा घोडदळाचं शास्त्र तू मला सांगतोयस.

आता इतिहासाकडे वळू. मराठी स्वार हलका होता. भाला, तलवार, थोडं सामान, घोड्याच्या पाठीवरच दाणा. मोगली सैन्यासारखे हत्ती, जड तोफा, फिरतं शहर असलेली छावणी बरोबर नसे. म्हणून तो दिवसाला दूरची मजल मारी. पण समोरासमोर बंदुकीच्या आणि तोफेच्या माऱ्यात उभं राहायची त्याची ताकद नव्हती. यात एक गोष्ट आपण विसरतो. स्वारांत दोन प्रकार होते. बारगीर सरकारी घोड्यावर बसे. शिलेदाराचा घोडा स्वतःचा. शिलेदाराचा घोडा मेला तर त्याची चाकरी गेली, घरचं पोट गेलं. त्यामुळे उगाच तोफेच्या तोंडी जायला तो कचरला तर त्याला भ्याड म्हणता येत नाही. नाजूकपणा नुसता शरीराचा नसतो, संसाराचाही असतो. चांगला सरदार हे ओळखून त्याला योग्य वेळीच सोडत असे.

असा सरदार म्हणजे संताजी घोरपडे. आणि त्याची सगळ्यात देखणी लढाई आपल्या कर्नाटकातच झाली, चित्रदुर्ग जिल्ह्यात दोड्डेरीला. साल १६९५, नोव्हेंबर महिना. औरंगजेबाचा सरदार कासिमखान मोठ्या थाटात चालला होता. त्याने तंबूंचं सामान काही कोस पुढे पाठवलं होतं. संताजीने आपल्या फौजेचे तीन भाग केले. पहिला भाग पुढे गेलेल्या तंबूंवर पडला. कासिमखान ते वाचवायला धावला. वाटेत दुसऱ्या भागाने त्याला अडवलं. तो तिथे गुंतला असताना तिसरा भाग त्याच्या मागच्या छावणीवर तुटून पडला.

नीट बघा, इथे घोडदळाने भिंतीवर डोकं आपटलं नाही. शत्रूला त्याच्या जागेवरून आधी हलवलं, मग वेग वापरला. आणि संताजीबरोबर नुसते घोडेस्वार नव्हते. कर्नाटकातलं बंदूकधारी पायदळ होतं. अचूक नेम धरणारे हे लोक मोगलांना जागेवर खिळवून ठेवत. मोगल दोड्डेरीच्या लहानशा गढीत शिरले. आत धान्य नाही, बाहेर निघायची सोय नाही. कासिमखान आतच मेला आणि उरलेल्यांनी खंडणी कबूल करून जीव वाचवला. स्वीपरची कीर्ती संताजीच्या घोड्यांना मिळाली, पण जमीन साफ करणारे ते कानडी बंदूकवाले होते. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत.

दुसरं उदाहरण तुम्हाला पाठ आहे, पालखेड. १७२७ च्या अखेरीला निजाम आणि बाजीराव यांची झुंज सुरू झाली. निजाम पुण्यावर आला. कुणीही दुसरा असता तर पुणं वाचवायला धावला असता. बाजीराव धावला नाही. निजामाच्या तोफखान्यासमोर आपण उभे राहिलो तर संपलो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो निजामाच्याच मुलखात फिरत राहिला आणि शेवटी रोख वळवला औरंगाबादकडे. आता निजामाला पुणं सोडून मागे यावं लागलं. घाईत यायचं म्हणून जड तोफा मागे ठेवाव्या लागल्या. तिथेच लढाई ठरली. फेब्रुवारी १७२८ मध्ये वैजापूरजवळ पालखेडला निजाम कोंडला गेला. पाणी नाही, रसद नाही. ६ मार्च १७२८ ला मुंगी शेवगावचा तह झाला. फील्ड मार्शल माँटगोमेरीने आपल्या युद्धाच्या इतिहासात या मोहिमेची मुद्दाम दखल घेतली आहे.

नातवाच्या भाषेत सांगायचं तर बाजीरावाने समोरच्याचा दणकट गडी स्वतःहून मागे घ्यायला लावला. तोफा मैदानातून गेल्या, मग घोडा आला.

आता उलटं उदाहरण. पानिपत, १४ जानेवारी १७६१. सदाशिवरावभाऊंकडे इब्राहिमखान गारद्याच्या चांगल्या तोफा होत्या, कवायती पायदळ होतं. पण त्याचबरोबर हजारो यात्रेकरू, बायकामुलं, बाजारबुणगे. छावणी महिने न् महिने एका जागी खिळली. दाणा संपला, घोडे उपाशी. वेगावर जगणारं सैन्य थांबलं की त्याच्याकडे उरतं काय? फक्त नाजूकपणा. त्या खेळातल्या ट्रिक रूमसारखं झालं, नियम उलटा लागला. ज्याच्याकडे थांबायची ताकद जास्त, त्याची सरशी. मी भाऊंना दोष देत नाही. दोन वेगळ्या युद्धपद्धती एका दोरीला बांधल्या की दोन्हींचं बळ जातं, एवढंच म्हणतो.

आता आपल्या अंगणात येऊ.

म्हैसूरच्या हैदर अलीने हे शास्त्र मराठ्यांशी लढता लढता आत्मसात केलं. इंग्रजांशी पहिलं युद्ध चालू होतं. १७६९ च्या मार्चमध्ये त्याने आपली जड फौज घाटावर परत पाठवली आणि सुमारे ६००० निवडक घोडेस्वार घेऊन तो थेट मद्रासच्या वेशीवर जाऊन उभा राहिला. साडेतीन दिवसांत १३० मैल. इंग्रजांची फौज बाहेर, शहर उघडं. एप्रिलमध्ये तह झाला. सहा हजार स्वारांनी फोर्ट सेंट जॉर्ज काही जिंकला नसता, हे हैदरला कळत होतं. पण तो किल्ला घ्यायला गेलाच नव्हता, सही घ्यायला गेला होता. आपल्या हत्याराकडून काय मागायचं आणि काय मागायचं नाही, हे ज्याला कळतं तो सेनापती.

दोनच वर्षांनी हेच हत्यार त्याच्यावर उलटलं. माधवराव पेशवे आजारी पडून पुण्याला परतले होते, मोहीम त्र्यंबकराव पेठे चालवत होते. मार्च १७७१. हैदर मेलुकोटेच्या डोंगरात होता. तिथे कोंडी होऊ लागली तसा तो रात्रीतून श्रीरंगपट्टणकडे निघाला. मराठ्यांना सुगावा लागला. उजाडल्यावर स्वारांनी त्याच्या चालत्या फौजेला घेरलं. हैदरचं पायदळ चौकोन करून, कडेला बंदुका रोखून चालत होतं. अशा चौकोनावर घोडा घालणं म्हणजे आत्महत्या. म्हणून आधी तोफा पुढे आणल्या, मारा केला, चौकोन विस्कटला आणि मग घोडदळ आत शिरलं. चिनकुरळीजवळ, मोती तलावाच्या परिसरात हैदरच्या फौजेची दाणादाण उडाली. तो स्वतः कसाबसा श्रीरंगपट्टणला पोचला. हे ठिकाण म्हैसूरहून गाडीने तासाभराच्या आसपास आहे. मी दोनदा जाऊन आलो. तोन्नूरचं ते तळं आजही तुडुंब असतं, लोक सहलीला येतात.

पण पुढे काय झालं? त्र्यंबकरावांनी श्रीरंगपट्टणला वेढा घातला आणि काही हाती लागलं नाही. कावेरीतलं बेट, भक्कम तट, आतून तोफा. घोडा तट चढत नाही. मैदानात जिंकलेली लढाई भिंतीपाशी अडली आणि १७७२ मध्ये तहावर भागवावं लागलं. वेग मैदान जिंकून देतो. ते राखायला दुसरं कुणीतरी लागतं.

शेवटचं उदाहरणही म्हैसूरचंच. २३ सप्टेंबर १९१८, हैफा. तोवर मशीनगन आली होती, म्हणजे घोडा कितीही पळाला तरी गोळी आधी पोचणार. खेळातली ती 'वेग न बघता आधी लागणारी' चाल. अशा वेळी जोधपूर लान्सर्सना शहरावर घोडे घालायचे होते. एका बाजूला किशोन नदी, दुसऱ्या बाजूला कार्मेलचा डोंगर, त्यावर तोफा आणि मशीनगन. त्या उतारावर आधी कोण चढलं? म्हैसूर लान्सर्सची तुकडी. डोंगरावरचा मारा बंद पाडायला ते वर गेले, मग खाली दौड सुरू झाली. मेजर दलपतसिंग शेखावत पडले, पण शहर हाती आलं. १३५० कैदी सापडले. आपले ८ मेले, ३४ जखमी झाले. घोडे मात्र ६० मेले. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातल्या तीन पुतळ्यांपैकी एक म्हैसूरचा आहे. पुढच्या वेळी तिथून जाल तेव्हा जरा थांबा.

आता माझी स्वतःची एक चूक सांगतो. मी तरुण कॅप्टन होतो, वाळवंटात सराव चालू होता. माझ्याकडे जीपवरची हलकी टेहळणी तुकडी होती. पोरं चलाख, गाड्या वेगवान. सगळ्यांच्या आधी पुढचा टप्पा गाठून शाबासकी मिळवायची, या नादात मी त्यांना पुढे सोडलं. उजवीकडची टेकडी कुणी साफ केलेली नव्हती. टेकडीमागे 'शत्रू'च्या तोफा. दहा मिनिटांत अंपायर आला आणि शांतपणे म्हणाला, "तुमची तुकडी संपली." माझे अकरा जवान जीपशेजारी बसून बिड्या ओढत होते, कागदावर मेलेले. त्यातला एक हवालदार माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, "साहेब, आज घरी चिठ्ठी गेली असती." ते वाक्य मी नोकरीभर विसरलो नाही. त्यानंतर कुणालाही पुढे पाठवताना माझा पहिला प्रश्न ठरलेला असे, टेकडी कुणी घेतली?

नातवाचा खेळ बघताना एक गोष्ट मला खटकली होती. स्वीपरला फटका न बसता मैदानात आणायचा एक सोपा मार्ग म्हणजे आपलाच एखादा दमलेला गडी मुद्दाम मरू द्यायचा. त्याची जागा रिकामी झाली की हा ताजातवाना येतो. नातू सहज म्हणाला, "याला जाऊ दे आजोबा, याचं काम झालं." खेळात ते बरोबरच आहे. डाव संपला की सगळे परत उभे राहतात. पण दोड्डेरीचे बंदूकवाले, चिनकुरळीच्या तोफा ओढणारे, कार्मेल चढणारे स्वार, ते परत उभे राहत नाहीत. इतिहास दौडणाऱ्या घोड्याचं चित्र काढतो. ती दौड ज्यांनी शक्य केली त्यांचं चित्र आपल्याला मनात काढावं लागतं.

मी त्याला एवढंच म्हटलं, खेळ जरूर, हुशार आहेस. फक्त जो पहिला पडतो ना, त्याचं नाव लक्षात ठेव. तो जरा वेळ गप्प राहिला. मग त्याने मला सहाही प्राण्यांची नावं सांगितली, पडणाऱ्यापासून सुरुवात करून.

पुढच्या भागात घोडदळाचं पोट कशावर चालायचं, म्हणजे दाणा, वैरण आणि बंजाऱ्यांचे तांडे, यावर बोलू. तोपर्यंत नमस्कार.