डीएमएलटी करू का, असं विचारणाऱ्या पोरांसाठी थोडा जुना हिशोब

बारावीचा निकाल लागला की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "काका, डीएमएलटी करू का?" पत्रकाराला सगळं कळतं असा गावात समज आहे. मी पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस, सुई दिसली तरी मान फिरवतो. पण या वर्षी उत्तर द्यायच्या आधी जरा जुनं वाचलं, चार जाणत्या माणसांना विचारलं. त्याला कारण घरातलंच आहे.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या आबांची जेवणानंतरची साखर १३८ आली. घरात आनंद. दोन दिवसांनी दुसरीकडे तपासली तर १९०! चौकशी केली तेव्हा कळलं, पहिलं रक्त सकाळी घेतलं, साध्या नळीत ठेवलं आणि दुपारच्या गाडीनं शहरात पाठवलं. नळीतल्या रक्तपेशी जिवंत असतात, त्या साखर खात बसतात. तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर अशीच उतरते. म्हणून फ्लोराईडची, राखाडी टोपणाची नळी वापरायची असते. मशीन बरोबर होतं, रिपोर्टवर सही होती, शिक्का होता. फक्त रक्त घेणाऱ्या पोराला हे कुणी शिकवलं नव्हतं.

आता इतिहास. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञानं तीन महिन्यांत लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये त्याची प्रयोगशाळा थाटली गेली, तीच आजची हाफकिन संस्था. १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ लोकांना लस टोचली. त्यातले १९ जण धनुर्वातानं गेले. सगळे एकाच बाटलीतली लस घेतलेले, बाटली नंबर ५३-एन. ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला, हाफकिनला कामावरून दूर केलं. पुढे रोनाल्ड रॉससारख्या लोकांनी बाजू लावून धरली आणि १९०७ मध्ये तो निर्दोष सुटला. तपासात आलेली गोष्ट लहान होती. बूच काढायचा चिमटा एका मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच तो पुन्हा वापरला गेला. त्या मदतनिसाला शिकवलं कुणी, किती दिवस, हे मला कुठं वाचायला मिळालं नाही. सगळी चर्चा साहेबांचीच.

आपल्या तालुक्यापर्यंत लॅब कशी आली, ही गोष्ट मलेरियाची आहे. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा, आठ लाखांच्या आसपास मरायचे. १९५३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि १९६५ पर्यंत रुग्ण एक लाखावर आले. सरकार निर्धास्त झालं. मग १९७६ मध्ये आकडा पुन्हा ६४ लाखांवर! त्यानंतर १९७७ मध्ये धोरण बदललं आणि स्लाईड तपासायची सोय प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत खाली आणायचं ठरलं. माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल, मलेरियावाला यायचा, बोटाला टोचायचा, भिंतीवर तारीख लिहून जायचा. ते रक्त जायचं कुठं, याचा विचार आपण कधी केला नाही.

ते ज्यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली जायचं, त्यातले एक सर आता निवृत्त होऊन आमच्याच भागात राहतात. नाव लिहू नको म्हणालेत. ते सांगतात, "जाड थेंब आन् पातळ थेंब एकाच काचेवर घ्यायचा. जाडात जंतू हाय का नाय ते सापडतं, पातळात तो कुठल्या जातीचा ते कळतं." रंगवायला जेएसबी. हा रंग आपल्या देशातल्याच जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी या दोघांनी १९४४ मध्ये मांडलेला. सरांना त्यांच्या गुरूनं आधी निरोगी माणसाच्या स्लाईड बघायला लावल्या होत्या. नुसत्या निरोगी, कित्येक दिवस. "चांगलं कसं दिसतं ते डोळ्यात बसल्याबिगर वाईट दिसत नाय." सर वैतागले होते म्हणे, नोकरी सोडायला निघाले होते.

परंड्याचा म्हटला की आपण किल्ला सांगतो, तोफा सांगतो. पण एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलात १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. त्यात तीन तालुके होते: बार्शी, भूम आणि आपला परंडा. नोंदणीची माणसं गावोगाव फिरली, बायकांशी बोलली. त्या बोलण्यामुळं गर्भाशयमुखाचा कॅन्सर आधीच्या टप्प्यात सापडायला लागला, हे पुढे छापूनही आलं.

मग १९९९ मध्ये आपल्या जिल्ह्यात मोठा अभ्यास सुरू झाला. टाटा मेमोरियल, बार्शीचं हॉस्पिटल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संस्था. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, चार गट. एका गटात एचपीव्ही विषाणूची चाचणी, एका गटात पॅप स्मिअर, एका गटात ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी. चौथ्या गटाची तपासणीच नाही, फक्त माहिती. २००९ मध्ये निकाल जगातल्या नामवंत वैद्यकीय नियतकालिकात आला. एचपीव्ही गटात या कॅन्सरनं ३४ मृत्यू, चौथ्या गटात ६४. त्या चौथ्या गटावरून पुढे नैतिकतेचा वाद झाला आणि मला तो वाद योग्यच वाटतो. त्या ६४ आपल्याच जिल्ह्यातल्या बाया होत्या.

पण डीएमएलटीवाल्या पोरांनी या निकालातली दुसरी गोष्ट बघावी. पॅप स्मिअरच्या गटात मृत्यू लक्षणीय कमी झाले नाहीत. ती चाचणी डोळ्यांवर चालते. हजारो पेशींत बिघडलेली एखादी ओळखायची आणि तीही दिवसभर बसून. एचपीव्हीचा निकाल यंत्र वाचतं. म्हणजे सरांसारख्यांची गरज संपली का? मी त्यांना तोंडावरच विचारलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "संपली तर बरंच हाय की. पण मशीनीत जे घालशील त्येच बाहेर येणार." मला आबांची नळी आठवली.

कायदा आता आलाय. महाराष्ट्राचा पॅरावैद्यक परिषदेचा २०११ चा आणि केंद्राचा २०२१ चा. धाराशिवला सरकारी मेडिकल कॉलेज झालंय. तरी गल्लीबोळातल्या जाहिराती आहेतच, 'एक वर्षात लॅबचे मालक व्हा' छापाच्या. आमच्या शेजारची पोर अशाच एका ठिकाणी वर्षभर गेली. तिथलं नाव लिहीत नाही. वर्षात तिनं रक्त काढलं दोनदा, तेही मैत्रिणीचं. सूक्ष्मदर्शक कपाटात, चावी सरांकडे आणि सर शहरात.

तर ॲडमिशनच्या आधी एवढंच विचारा, पोरांनो: शिकवणारा माणूस स्वतः किती वर्षं लॅबमध्ये बसलाय? हॉस्पिटल जोडलेलं आहे का? फी नंतर विचारा.

ती पोर आता दर रविवारी सकाळी आमच्या सरांकडे जाते. सरांनी जुना सूक्ष्मदर्शक पुसून ओट्यावर मांडलाय. तीन रविवार झाले, अजून निरोगी रक्ताच्याच स्लाईड चालू आहेत. परवा माझ्याकडं तक्रार करत होती, "काका, सर पुढचं काही दाखवतच नाहीत."