कापलेला बोलपट आणि घरचा पडदा

ग्रंथ एकदां छापला गेला म्हणजे तो कोणाच्या ना कोणाच्या कपाटांत टिकून राहतो. बोलपटाचें नशीब निराळें. १९५० च्या सुमारास हॉलिवूडमध्यें निघालेला उत्तम बोलपटहि कांहीं आठवडे चित्रगृहांत चाले आणि मग निर्मात्याच्या कोठारांत जाई. पुढें दूरचित्रवाणीवर असे बोलपट दिसूं लागले खरे. पण वेळ ठरविणार दुसरा, आणि मध्यें जाहिरातींचा व्यत्यय! ज्या कृतीकडे पुन्हां वळतां येत नाहीं, तिच्यावर न्याय्य मत तरी कसें द्यावें?

जॉर्ज क्यूकरच्या ‘अ स्टार इज बॉर्न’ची कथा या दृष्टीनें मननीय आहे. चढत्या कीर्तीची गायिका आणि मद्यानें रसातळास चाललेला तिचा नट पति, हा त्याचा विषय. १९५४ सालीं तो प्रथम झळकला तेव्हां १८१ मिनिटांचा होता. दिवसाचे खेळ वाढावे म्हणून वॉर्नर ब्रदर्सनें तो लवकरच १५४ मिनिटांवर आणला. दिग्दर्शक त्या वेळीं ‘भोवानी जंक्शन’साठीं स्थळें शोधीत हिंदुस्थानांत आला होता! पुढें रोनाल्ड हेव्हर या अभ्यासकानें कोठारें धुंडाळलीं. ध्वनि मिळाला; चित्र मात्र सर्वत्र मिळालें नाहीं. जेथें तें नव्हतें तेथें स्थिर छायाचित्रें जोडून १९८३ सालीं १७६ मिनिटांची प्रत लोकांपुढें आली. क्यूकर त्याच वर्षाच्या जानेवारींत निवर्तला होता.

घरीं चित्रफीत पाहण्याचा मार्गहि असाच झगड्याचा. सोनी कंपनीचें बीटामॅक्स यंत्र १९७५ सालीं आलें. पुढच्याच वर्षीं युनिव्हर्सल व डिस्ने यांनीं तिच्यावर फिर्याद केली. १९८४ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें, सवडीनें पाहण्यासाठीं घरीं केलेलें मुद्रण न्याय्य ठरविलें. तेंहि पांच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमतानें. ज्या यंत्राशीं हे निर्माते भांडले, त्यानेंच त्यांच्या धंद्याच्या धूळ खात पडलेल्या मालाला पुन्हां गिऱ्हाईक मिळवून दिलें, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा.

अर्थात् घरच्या पडद्यानेंहि कात्री चालविली. सिनेमास्कोपचें रुंद चित्र चौकोनी कांचेवर मावेना, म्हणून त्याच्या कडा कापल्या जात. १९९७ पासून अमेरिकेंत डीव्हीडी आल्यावर, वरखालीं काळ्या पट्ट्या ठेवून पूर्ण रुंदीचें चित्र देण्याची चाल रूढ होत गेली.

परवां आम्हीं ही १७६ मिनिटांची प्रत घरीं पाहिली. नायक नायिकेला मागणी घालतो तो प्रसंग पूर्वीं कापलेल्या भागांतला. तो नसतां विवाह एकाएकीं होतो. तो असतां पुढील सारें दुःख समजतें. कांहीं ठिकाणीं चित्र गोठतें आणि शब्द मात्र चालू राहतात. तेथें आम्हीं दोनदां मागें जाऊन पाहिलें. चित्रगृहांतील शेंकडों प्रेक्षकांची एकवटलेली शांतता आमच्या दिवाणखान्यांत नव्हती, हें कबूल केलें पाहिजे. दूधवाल्याची हांकहि मध्यें आलीच. तरीपण त्या गोठलेल्या चित्रांपुढें थांबून, काय गमावलें आहे याचा विचार करण्याची मुभा आम्हांस मिळाली. खेळाच्या वेळापत्रकासाठीं ज्यांनीं कात्री चालविली, त्यांना वाटलें कीं लोकांच्या लक्षांत कांहीं राहणार नाहीं. पुन्हां पाहतां येणें हेंच त्या समजुतीला उत्तर आहे.