टीम विकत घेता येते का?

तर राजेहो, अकोटच्या बाजारात कापसाची बोली लागते ना, तशीच मोबाईलवर खेळाडूंचीही लागते. ही मॅनेजरगिरी जुनी आहे. १९८२ मध्ये केव्हिन टॉम्स या इंग्रजाने 'फुटबॉल मॅनेजर' काढला. गेम कॅसेटवर यायचा, समोर नुसता कॉम्प्युटर. २०१० मध्ये बेलग्रेडच्या नॉर्डियसने 'टॉप इलेव्हन' आणला आणि समोर खरी माणसं आली. बोलीला टोकन लागतं. ते खेळून मिळतं, पैशानेही. घोळ इथंच! पैसे टाकून तिशीतला स्टार घेतला, तर आज गोल होतात. पुढच्या सीझनला त्याचे स्टार उतरतात, अन् सरावात तो हलतच नाही. अठराचा पोरगा मात्र भराभर चढतो. माझी कप जिंकलेली टीम अशाच पोरांची होती, एक रुपयाही न घालता. गोलकीपर तेवढा म्हातारा.