पत आणि कागद

अब्रू आणि उधारीची पात्रता हे दोन्ही अर्थ मराठीत ‘पत’ या एकाच शब्दात नांदतात. नवव्या-दहाव्या शतकांतील व्हायकिंग व्यापारी चांदीचे तुकडे तराजूत तोलत. अरबी दिरहमवरही चाकूने खाच पाडून कस पाहत. त्यांचा भरवसा मुख्यतः धातूवर होता. मराठेशाहीतील सावकाराने तो अक्षरावर ठेवला.

दर्शनी हुंडी दाखवताच पटे, मुदती हुंडी ठरल्या दिवशी. शहाजोग हुंडीची रक्कम केवळ पतदार गृहस्थालाच मिळे. हुंडी गहाळ झाल्यास पेठ, तीही हरवल्यास परपेठ लिहिली जाई. जोखमी हुंडीचे पैसे माल सुखरूप पोहोचला तरच देय होत. तिच्यात विम्याचे बीज होते. १८८१ च्या पराक्रम्य लेख कायद्यानेही देशी भाषांतील अशा लेखांचे स्थानिक रिवाज अबाधित राखले.

परंतु हा विश्वास बरोबरीच्यांमधला होता. निरक्षर कुणब्याच्या वाट्याला त्याच अक्षराने लिहिलेला कर्जरोखा आला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला. तो पसरला तसा सावकारांचे रोखे हेच त्याचे मुख्य लक्ष्य ठरले. पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने रोख्यामागील मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना दिला.

‘शहाजोग’ हा शब्द आज आपण उपरोधानेच वापरतो. पेढीवर प्रतिष्ठेचा असलेला हा शब्द लोकभाषेत कसा उतरला, याची संगती या इतिहासात शोधावी लागते. ज्या कागदाने पेढ्या जोडल्या, त्यानेच गाव दुभंगले.