मँचेस्टरचे वजनदार कापड आणि गठ्ठ्यातील बुरशी

१/ दमट कापडावरची बुरशी ही पावसाळ्यातील घरगुती कटकट. परंतु एकोणिसाव्या शतकात याच बुरशीने लँकेशायरपासून मुंबई, कलकत्ता आणि चीनपर्यंत पसरलेल्या कापडव्यापाराला हैराण केले. ती आली कोठून? उत्तर हवामानात कमी आणि हिशेबाच्या वहीत अधिक सापडते.

२/ मागावर ताण्याचे धागे सतत घासले जाऊन तुटतात. म्हणून विणण्यापूर्वी त्यांना खळ देतात. हातमागावरचे विणकरही ती पूर्वापार देत आले. खळीचा मूळ हेतू एवढाच: धागा टिकावा.

३/ १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेतील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरचा कापूस आटला. त्याऐवजी आलेला भारतीय ‘सुरती’ कापूस आखूड धाग्याचा होता. त्याला खळ अधिक लागे. कापूस महाग, पीठ स्वस्त आणि कॉर्नवॉलची चिनी माती त्याहून स्वस्त. गिरणीमालकांना नवा मार्ग दिसला.

४/ युद्ध १८६५ मध्ये संपले, सवय मात्र उरली. काही कोऱ्या कापडात ताण्याच्या सुताच्या वजनाइतकी खळ भरली जाऊ लागली. असे कापड हाताला भरीव लागे. पहिल्या धुण्यात माती वाहून जाई आणि विरळ वीण तेवढी उरे.

५/ पण माती धाग्याला आपणहून चिकटत नाही. ती धरून ठेवण्यास पीठ हवे, धागा लवचीक राहण्यास ओलावा हवा. त्यासाठी हवेतील पाणी शोषणारे मॅग्नेशियम क्लोराइड खळीत मिसळले जाई. पीठ म्हणजे बुरशीचे अन्न, ओलावा म्हणजे तिचे पाणी. दोन्हींची सोय कारखान्यातच झाली होती.

६/ असे कापड दाबयंत्राखाली आवळून गठ्ठ्यांत बांधले जाई आणि उष्ण समुद्रातून प्रवासाला निघे. बंदरात गठ्ठा फोडल्यावर घड्यांवर पिवळे, तांबूस, काळे डाग दिसत.

७/ डाग काढावेत कसे? उन्हात वाळवून, झटकून वरची बुरशी जाई. पण धाग्यात मुरलेला रंग सहज निघत नसे आणि कमकुवत झालेला धागा पूर्ववत होत नसे. धुवावे, तर खळही जाई. म्हणजे ज्या वजनाचे पैसे मोजले, तेच नाहीसे होई! साहजिकच वाद पेटत: दोष जहाजातील दमटपणाचा की कारखानदाराचा?

८/ १८७७ मध्ये रसायनतज्ज्ञ विल्यम थॉमसन यांनी सुती कापडाची खळ आणि बुरशीची कारणे व प्रतिबंध यांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. व्यवहारात रूढ झालेला उपाय होता झिंक क्लोराइड. ते बुरशीला मारक होते खरे, पण त्याच्या आधारे भारी खळ अधिक निर्धास्तपणे भरता येई. रोग हटला नाही, त्याचे लक्षण झाकले गेले.

९/ किंमत केवळ ग्राहकानेच मोजली नाही. भारी खळीचा ताणा कोरड्या हवेत तुटे, म्हणून विणकामाच्या शेडमध्ये वाफ सोडत. मातीची धूळ कामगारांच्या छातीत जाई. १८७२ मध्ये डॉ. जॉर्ज ब्युकॅनन यांनी टॉडमॉर्डन येथे या प्रकाराची सरकारी चौकशी केली. तरीही हवेतील आर्द्रतेवर कायदेशीर मर्यादा येण्यास १८८९ साल उजाडले.

१०/ टॉडमॉर्डनचा विणकर आणि मुंबईचा ग्राहक एकमेकांना कधी भेटले नाहीत. एकाच्या छातीत धूळ गेली, दुसऱ्याच्या हाती डागाळलेले कापड आले. दोघांना जोडणारा धागा कापसाचा कमी आणि चिनी मातीचाच अधिक होता. वजनकाट्यावर जे लपले, ते बुरशीने उघडे पाडले.